रुमालाखालची बोटं

आयुष्यभर मी बैलांना जे केलं, तेच शेवटी डॉक्टरांनी मला केलं. हे वाक्य आज मी बिनधास्त लिहितो, कारण हसणारे एव्हाना हसून दमलेत. पण बहात्तरच्या दुष्काळात ही गोष्ट माझी बायको आणि नगरचे सर्जन सोडले तर आमच्या पंचक्रोशीत कुणालाच ठाऊक नव्हती. ती तशीच राहावी म्हणून मी ऐन उन्हाळ्यात अंगात खाकी कोट घालून फिरत होतो.

मी सोनईच्या बाजूला एका गावी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. कागदावर हुद्दा स्टॉकमनचा, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या मदतनिसाचा. लोक डॉक्टर म्हणत. पहिली दोन वर्षं मी त्यांची चूक दुरुस्त करत होतो, मग कंटाळून सोडून दिलं. कामं नेहमीचीच. लशी टोचायच्या, अडलेली गाय मोकळी करायची, बैलाचं फुगलेलं पोट उतरवायचं आणि खोंड खच्ची करायचे. औताला जुंपायचा खोंड वेळेवर खच्ची केला नाही तर तो पुढं कुणाचं ऐकत नाही. पूर्वी गावोगाव हे काम दगडानं ठेचून करत, ते बघवत नसे. मी लांब दांड्यांच्या लोखंडी चिमट्यानं करायचो. कातडी न फाडता आतली नस दाबायची, दोन मिनिटांत काम संपलं. पंचक्रोशीतले बहुतेक बैल माझ्या हाताखालून गेलेले. मला लांबून येताना बघितलं की मागचे पाय जवळ घ्यायचे.

बावन्नाव्या वर्षी मला लघवीचा त्रास सुरू झाला. उभं राहिलं तरी होईना, आणि झाली तर थांबेना. कंबर दुखायची, ती मी सायकलीच्या खात्यावर टाकली. वर्षभर असं अंगावर काढल्यावर बायकोनं मला एस.टी.त बसवून नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथले सर्जन उंच, कमी बोलणारे. त्यांनी हातमोजा चढवला आणि गाभण गाय तपासताना मी जिथून तपासतो तिथूनच मला तपासलं. मी छताकडे बघत पडलो होतो आणि मनात म्हणत होतो, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

गाठ दगडासारखी लागत होती. रक्त तपासलं, एक्स-रे काढला. कमरेच्या हाडांत पांढरे ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. या गाठीला खुराक मिळतो तो पुरुषाच्या वृषणांतून. ते काढले की गाठीची उपासमार होते. गाठ जात नाही, पण आवरते."

मी म्हणालो, "म्हणजे खच्ची."

ते म्हणाले, "बरं झालं. तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कंबर दुखत नव्हती. वर्षभर जिच्याशी संसार केला ती कळ एका रात्रीत निघून गेली होती. मी खाटेवर बसून रडलो, आनंदानंच. घरी आलो आणि कचेरीत सांगितलं की हर्नियाचं ऑपरेशन झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या होत्या, त्यांनी मात्र काही महिन्यांत माझी छाती सुजवली, पोरवयातल्या मुलीसारखी. म्हणून तो कोट. लोक विचारायचे, "डाक्टर, थंडी वाजती का?" मी म्हणायचो, सरकारी कोट आहे, झिजवायला नको का.

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मरणाची भीती दुसऱ्या नंबरवर होती. ज्या माणसानं हजारो खोंडांचे बैल केले त्याचाच बैल झाला, हे बाजारात कळलं तर मला चहाच्या टपरीवर उभं राहता येणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, "हे ऑपरेशन सुचवलं की निम्मी माणसं उठून जातात. मी सांगतो ते त्यांना खरं वाटत नाही. मला कुठं झालंय? तुम्ही महिन्यातून एक-दोनदा यायचं आणि त्यांच्या खाटेशी बसायचं."

"बसून काय बोलायचं?"

"तुम्हाला झालं होतं आणि तुम्ही सायकल चालवता, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. नियम दोनच. खोटं बोलायचं नाही, आणि किती वर्षं राहिली याचा आकडा सांगायचा नाही. आकडा मलाही नीट ठाऊक नसतो."

मी दोन वेळा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी कबूल झालो, तेही अटीवर. माझ्या भागातला पेशंट असेल तर मी जाणार नाही. डॉक्टर हो म्हणाले. पहिला पेशंट श्रीरामपूरचा, रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड. त्याच्या उशाशी बायबल होतं. मी गेलो, सांगितलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ गाड्यांच्या वेळापत्रकावर बोललो. निघताना त्यानं विचारलं, "चालताना काही कमी झाल्यासारखं वाटतं का?" मी म्हणालो, "पहिला आठवडा. नंतर विसरतो." दुसऱ्या दिवशी त्यानं कागदावर सही केली. नंतर एक किराणा दुकानदार झाला. मला वाटायला लागलं की आपल्याला हे जमतंय. माणसाला असं वाटायला लागलं की समजावं, आता तो तोंडावर पडणार.

तिसरे आबा. सगळा मुलूख त्यांना आबा म्हणायचा, मीही तेच म्हणतो. साठीचे शेतकरी, अंगानं काटक, आणि घोडेगावच्या बैलबाजारात त्यांच्या नजरेला मान. कुणाला बैल घ्यायचा असला की आबांना संगती न्यायचे. दात बघणं, खूर बघणं, चालवून बघणं झालं की आबा सौद्याला बसत. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. हात सैल ठेवला तर नकार, बोटं दाबली तर पटलं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं.

डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं की खिडकीजवळच्या खाटेवर एक शेतकरी आहे, कंबर दुखते, घाबरलाय. कुठला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी मी गुरांच्या छावणीतून परस्पर नगरला गेलो होतो. दुष्काळामुळे आमच्याकडे सरकारनं छावणी उघडली होती. दोन-अडीच हजार जनावरं, उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर जगवलेली. इतकी गुरं एका जागी बांधली की खोंड माजून दावी तोडतात, म्हणून सकाळी तिथं सात-आठ खोंड खच्ची करून मी पांढरीच्या पुलावरून जाणारी एस.टी. पकडली होती. खांद्यावर कॅनव्हासची पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून चिमट्याचे दोन्ही दांडे हातभर बाहेर आलेले.

वॉर्डात शिरलो आणि खिडकीजवळ आबा दिसले. त्यांनी मला बघितलं. मग पिशवी बघितली. मग पुन्हा मला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दारात त्यांचा आवडता खोंड मी ह्याच चिमट्यानं खच्ची केला होता, आणि त्याची मुंडी त्यांनी स्वतः धरली होती.

"आरं द्येवा," आबा हळूच म्हणाले. "म्हंजी मान्साचं बी तुमीच करता व्हय?"

मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत ते उठले होते. फेटा घेतला, वहाणा घेतल्या. "तंबाकू थुकून येतो," असं शेजारच्या खाटेला सांगून गेले ते गेलेच. मी पायऱ्यांपर्यंत मागं धावलो, पण माझ्या पिशवीतून चिमटा खणखणत होता, आणि तो आवाज ऐकून तर ते आणखीच लांब ढांगा टाकायला लागले.

तासाभरात सगळ्या वॉर्डात पसरलं की इथं ऑपरेशनला गुरांच्या दवाखान्यातला माणूस येतो. दुसऱ्या एका पेशंटचे जावई डॉक्टरांना भेटायला गेले. मग डॉक्टरांनी मला खोलीत घेतलं. कमी बोलणारा माणूस रागावला की फार नेमकं बोलतो. "त्याच्या हाडांत बरंच पसरलंय," ते म्हणाले. "मणक्यावर दाब यायला सुरुवात आहे. ऑपरेशन झालं तर दोन वर्षं, फार तर तीन. नाही झालं तर पावसाळ्याआधी त्याचे पाय जातील. तुम्ही त्याला घालवलंत, तुम्हीच घेऊन या." मी निघताना म्हणाले, "आणि रिकाम्या हातानं जा, ती पिशवी नको."

परतीच्या एस.टी.त मी ती पिशवी बाकाखाली पायानं दाबून धरली होती. इतका ओशाळलो होतो की कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो.

आबा कुठं भेटतील हे शोधायची गरज नव्हती. त्यांचे बैल आमच्याच छावणीत होते आणि बैलांमागं त्यांचं घरही. गोणपाटाचं पाल, तीन दगडांची चूल, बैलगाडी, आणि बायको. मुलं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. मी दोन दिवस त्यांच्या पालाकडं वळलो, दोन्ही दिवस आबा मला बघून बैलांच्या पलीकडं गेले. तिसऱ्या दिवशी मी लांबूनच बघत राहिलो. आबा गाडीच्या चाकाला धरून उठले. चार पावलं टाकली. डावा पाय मातीत रेघ ओढत होता. जनावर असं चालायला लागलं की मी मालकाला काय सांगतो ते मला माहीत होतं.

त्यांची बायको वाढ्याचा भारा घेऊन येत होती. माझ्यासमोर भारा टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "नगरचा डाक्टर काय म्हन्ला ते मला सांगा. हे काय बी सांगंना. चिमटा चिमटा म्हंत्यात आन् गप बसत्यात."

मी सांगितलं. बाईमाणसासमोर जेवढं सांगता येतं तेवढं, आणि मग तिनं विचारल्यावर उरलेलंही.

तिनं भाऱ्याची सुटलेली गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मला मानूस पायजे. बाकी काय काढून न्यायचं ते न्या." आणि भारा उचलून बैलांना टाकायला गेली.

त्या दुपारी मी पिशवी दवाखान्यात ठेवली आणि रिकाम्या हातानं आबांच्या गाडीखाली सावलीला जाऊन बसलो. आबा तिथंच आडवे झालेले होते. उठून जायला त्यांना चाक धरावं लागलं असतं, आणि ते माझ्यासमोर त्यांना करायचं नव्हतं. म्हणून पडून राहिले. दोघंही बैलांकडे बघत होतो. पलीकडचा तांबडा बैल म्हणजेच दोन वर्षांपूर्वीचा तो खोंड.

आबाच आधी बोलले, "त्यो आठ दिस रुसला हुता. माज्याकडं बगत नव्हता."

"हो, रुसतात."

"मंग खायला लागला."

"लागतात."

"त्याला कळतं का वो? काय गेलं ते?"

मी म्हणालो, "पहिले काही दिवस कळत असेल. मग औत असतं, दावण असते, बरोबरचा बैल असतो. त्यात जातं."

"ताकद?"

"तुम्हीच सांगा. औत कोण ओढतं?"

"गाया त्याला वळखत्यात का?"

हा प्रश्न बैलाचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. समोर त्यांची बायको चुलीत फुंकर घालत होती. मी म्हणालो, "ओळखतात. शेजारी बसतात. चाटतात."

आबा हसले नाहीत. म्हणाले, "जनावराचं सांगताय. मान्साचं सांगा. तुमी बगितलाय का कुनी असा मानूस?"

आणि इथं मी कच खाल्ली. पहिल्या दोघांना जे सहज सांगितलं होतं ते ह्या माणसाला सांगवेना. हा माझ्या पंचक्रोशीतला. हा घोडेगावच्या बाजारात बसणारा. मी म्हणालो, "बघितलाय. नगरला असतो एक. चांगला फिरतो, काम करतो."

आबांनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. बैल बघतात तसं, पायापासून वरपर्यंत.

"डाक्टर, बाजारात काही लोक बैलाला झूल घालून आनत्यात. नक्षीची, झालरीची. मी म्हंतो, आदी झूल काडा. झुलीखाली खोड असती." ते थांबले. "ह्या उनात तुमच्या अंगावर कोट कशापायी हाय?"

वाढ्याची मोठी गंजी होती, तिच्या आड मी आबांना घेऊन गेलो. ते माझ्या खांद्याला धरून चालत आले. तिथं मी कोट काढला, सदऱ्याची बटणं सोडली आणि माझी छाती त्यांना दाखवली. मग काय काय झालं, कसं झालं, किती दिवस टाके ओढले, कंबर कधी थांबली, बायकोला पहिल्यांदा तोंड दाखवताना काय वाटलं, सगळं सांगितलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. बोटानं छातीकडं खूण केली. "दुखतं का हे?"

"दाबलं तर."

"आपल्याकडं कुनाला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मंग मला कशापायी सांगितलं?"

"तुमचा डावा पाय ओढतोय, आबा."

त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. मला वाटतं तोपर्यंत त्यांनी स्वतःशीसुद्धा ते कबूल केलं नव्हतं. मग माझ्या सदऱ्याची बटणं त्यांनी स्वतःच्या हातानं लावली, खालून वर, एकेक. म्हणाले, "सोमवारी जाऊ. तुमी संगं पायजे. पर ती पिशवी आनायची न्हाई."

गंजीच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं ते मला आजही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या छावणीला कळलेलं होतं. टँकरजवळच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "डाक्टरला चिमटा कुनी लावला रं?" आणि रांग हसली. मी खोंडाला लस टोचत होतो, टोचत राहिलो. कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रागही आला होता, त्या माणसाचा, डॉक्टरांचा, आबांचा. हसतील त्याचे दात दिसतील, असं दुसऱ्याला सांगायला सोपं असतं. त्या दिवशी दुपारी मी कोट काढून सायकलीच्या कॅरिअरला बांधला. आता झाकून काय उपयोग? वारा लागला तेव्हा बरं वाटलं, हे मात्र नाकारत नाही. आणि दोन दिवसांत दोघं जण, वेगवेगळे, कुणी बघत नाही असं बघून माझ्याकडं आले आणि लघवीचं विचारून गेले. त्यातला एक रांगेत हसणारा होता.

सोमवारी आम्ही गेलो. आबा, त्यांची बायको, दोन मुलं, एक मेव्हणा. ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. मी खाटेशी बसलो होतो. घरची माणसं भोवती उभी होती आणि अशा वेळी बोलतात तसं काहीबाही बोलत होती, तांबड्या बैलानं वाढं खाल्लं का, टँकर आला का. आबांना हिरवा झगा घातला होता. डोक्याला फेटा नसल्यानं ते कुणी दुसरेच वाटत होते.

त्यांनी उशीखालून रुमाल काढला, झटकला आणि माझ्या आणि त्यांच्या हातांवर टाकला.

थोरला मुलगा हसला. "आबा, हितं बी सौदा?"

"गप," आबा म्हणाले.

रुमालाखाली त्यांनी माझी पाचही बोटं धरली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मला एका क्षणात कळलं ते काय विचारतायत. बायको-मुलांसमोर तोंडानं विचारता येत नव्हतं ते. पाच वर्षं?

डॉक्टरांचे दोन नियम मला तिथं एकमेकांवर आपटलेले दिसले. आकडा सांगायचा नाही, आणि खोटं बोलायचं नाही. मी हात सैल ठेवला.

त्यांनी एक बोट सोडलं. चार. मी हात सैलच ठेवला. माझ्या पाठीमागं त्यांची बायको मेव्हण्याला सांगत होती की परत जाताना घोडेगावला मीठ घ्यायचं.

तीन. तीन बोटं धरून आबा थांबले. त्यांचा हात गरम होता आणि घट्टे इतके की माझी बोटं झाडाच्या सालीत धरल्यासारखी वाटत होती. दोन म्हणायचं तर मला बोटं सोडवून घेऊन त्यांची दोन धरावी लागली असती. माझ्यानं ते झालं नाही. डॉक्टर फार तर तीन म्हणाले होते ना. मी बोटं दाबली.

आबांनी मान हलवली, एकदाच. चेहऱ्यावर काही नाही. बाजारातही नसायचं.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी रुमाल काढला नाही. मूठ उघडली आणि आपला पंजा माझ्या हातात मोकळा ठेवून दिला. आता बोली माझी होती. तुमचं किती?

मी हे डॉक्टरांना कधीच विचारलं नव्हतं. दुसऱ्यांच्या खाटांशी बसून धीर देत हिंडत होतो, सायकल चालवतो म्हणून सांगत होतो, आणि हा एक प्रश्न मी स्वतःच्या मनातही येऊ दिला नव्हता. आता तो माझ्या तळहातावर येऊन बसला होता. मला भीती वाटली, इतकी की मागं हात ओढून घ्यावासा वाटला. तेव्हा पहिल्यांदा समजलं की लाज पहिल्या नंबरवर नव्हतीच. लाज मी पुढं उभी केली होती, मागचं दिसू नये म्हणून. मला एक बोट धरता येईना, दोन धरता येईनात. शेवटी मी त्यांचा सगळा पंजाच धरला आणि धरून बसलो.

"लई व्हतंय," आबा मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पर जा. दिलं."

मुलं हसली. बायकोही तोंडाला पदर लावून हसली. म्हातारा अशा वेळीही थट्टा करतोय याचं त्यांना बरं वाटलं असावं. तेवढ्यात वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आला आणि आबांनी रुमालाची घडी करून बायकोच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी आबा खाट न धरता उठले. पायाची ओढ पुरती गेली नाही, पण रेघ पुसट झाली. पुढं पाऊस झाला, छावणी मोडली, बैल घरी गेले. नंतरची दोन वर्षं आबा माझ्याबरोबर नगरला येत. घाबरलेल्या माणसाच्या खाटेशी बसायचे आणि मी अर्धा तास घालवून जे सांगायचो ते चार वाक्यांत सांगायचे. मला म्हणायचे, "डाक्टर, तुमी लई बोलता. बैल आदी आपल्याला हुंगून घेतो, घिऊ द्या की." बाजारातही बसायचे. त्यांना कुणी हसलेलं मी ऐकलं नाही. मला अजून कधी कधी हसतात.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते गेले. कंबर पुन्हा धरली होती आणि डॉक्टरांकडे आणखी काही करण्यासारखं नव्हतं. ठरलेल्यात दीड महिना कमी पडला. मी स्मशानातून येताना तो हिशोब करत होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो. मी दोन म्हणालो असतो तर ते वर्षभर फुकटात जगल्यासारखे जगले असते, की तेवढंही जगले नसते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टरांना मी माझा आकडा विचारला नाही, पुढंही विचारणार नाही. ज्याला विचारायचा त्याला विचारून झालं होतं. गोळ्या चालू आहेत, सायकल चालू आहे, महिन्यातून दोनदा नगर चालू आहे. खिशात धुतलेला रुमाल असतो. सगळेच त्याखाली हात घालत नाहीत, पण काही जण घालतात.

आबांनी मला दिलेली पाच वर्षं ज्या दिवशी पुरी झाली, त्या दिवशी मी सकाळीच सायकल काढून त्यांच्या वस्तीवर गेलो. वाढवून मागायला ते राहिले नव्हते. तांबडा बैल दावणीला होता, मला बघून त्यानं मागचे पाय जवळ घेतले. आबांच्या बायकोनं का आलात असं विचारलं नाही. तिनं चहा केला, मी तो पिऊन कामावर गेलो.